पर्थच्या लढाईचं पिब्रॉख

स्कॉटलंडच्या राजाच्या जुन्या जमाखर्चात १३९६ सालच्या एका लढतीचा खर्च मांडलेला आहे. पर्थ शहरातल्या नदीकाठच्या मैदानावर साठ माणसं लढणार, म्हणून कुंपण घातलं. लाकूड, लोखंड आणि मजुरी मिळून चौदा पौंड, दोन शिलिंग, अकरा पेन्स. दोन कुळांचं वैर मिटावं म्हणून तिसऱ्या रॉबर्ट राजाच्या डोळ्यांदेखत एकेका बाजूचे तीस गडी एकमेकांवर तुटून पडले. एक कूळ चॅटन. दुसरं कोणतं, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. हरलेल्यांपैकी एक जण टे नदी पोहून निसटला, असं जुने बखरकार सांगतात.

या लढाईचं नाव लावलेली बॅगपाइपची एक रचना आहे, ‘द डेस्परेट बॅटल’. बॅगपाइपच्या गंभीर, विस्तारानं वाजवायच्या रचनांना पिब्रॉख म्हणतात, त्यांतली ही एक. हिलाच ‘पक्ष्यांची लढाई’ असंही म्हणतात. पण ती १३९६ मध्येच रचली गेली, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पिब्रॉखची शिकवणी जवळून पाहिल्यावर मात्र मला तो प्रश्न दुय्यम वाटू लागला.

शिकवणीत पहिला बराच वेळ बॅगपाइप पेटीतून बाहेरच येत नाही. गुरू आणि शिष्य टेबलापाशी समोरासमोर बसतात, हातात सरावाचा पिशवीविना चँटर, म्हणजे बोटांनी सूर काढायची नळी. आणि गुरू गातात. ‘हिहारिन’सारखी अक्षरं ठरलेली आहेत. कोणत्या अक्षराला कोणता सूर आणि बोटांची कोणती हालचाल, हे ऐकणाऱ्याला कळतं. तबल्याचे बोल आधी तोंडानं म्हणवून घेणारा आपल्याकडचा गुरू इथे बसला असता, तर त्याला काहीच परकं वाटलं नसतं. शिष्यानं एक ओळ वाजवली, बोटं अचूक पडली, तरी गुरूंनी मान हलवली. ‘आधी गा,’ एवढंच म्हणाले. त्यानं गायली, पुन्हा वाजवली, आणि त्याच सुरांत मघाशी नसलेला श्वास आला. कोणता सूर किती रेंगाळायचा, हे स्वरलिपी पुरतं सांगत नाही. ते गळ्यातूनच पुढे जातं.

अडचण वाद्यातच आहे. चँटरला नऊच सूर. पिशवीतली हवा अखंड वाहते, त्यामुळे आवाज मध्ये थांबवता येत नाही, लहानमोठाही करता येत नाही. एकच सूर लागोपाठ दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसरा निसटता सूर घालूनच तो तोडावा लागतो. जोर देता येत नाही, म्हणून सगळा भाव लांबीत आणि या निसटत्या सुरांत. सुरुवातीला ऊर्लार, म्हणजे संथ मूळ चाल. मग तिचे फेरे चढत जातात. तोर्लुअ येतं, पुढे क्रुन्लुअ. तिथे प्रत्येक मुख्य सुरामागे सूक्ष्म सुरांचा झुबका इतक्या वेगानं सुटतो की बोटं वेगळी दिसत नाहीत. पण कान देऊन ऐकलं तर प्रत्येक झुबक्याच्या तोंडाशी मूळ चालीचा सूर उभा असतो. वैर, आवेश, पडलेले गडी यांतलं काहीही इथे ‘दाखवलेलं’ नाही. ताण आहे तो या शिस्तीतून आलेला, आणि म्हणूनच तो मला खरा वाटतो.

खरा बॅगपाइप बाहेर आला तो अंगणात. ड्रोन म्हणजे एकच सूर अखंड धरणाऱ्या नळ्या. दोन ड्रोन चँटरच्या षड्जाखाली एक सप्तक, तिसरा दोन सप्तकं. त्यांचे सांधे किंचित वर-खाली सरकवून सूर जुळवायचे. फुंकीतल्या ओलाव्यानं रीड बदलते, की पुन्हा जुळवायचं. घाई नाही. ड्रोन एकजीव झाले की कानाला ते आपोआप कळतं. मग वादक मूळ चालीवर सावकाश पावलं टाकतो आणि जलद फेऱ्यांना एका जागी स्थिर उभा राहतो.

१८३८ साली अँगस मॅके या वादकानं अशा रचनांचा मोठा संग्रह छापला आणि आजचे स्पर्धक प्रामुख्यानं तशा छापील पाठांवर विसंबतात. संग्रह झाला नसता तर बरंच बुडालं असतं, हे खरंच. तरी छापील पानावरून वाजवलेलं पिब्रॉख आणि आधी गायलेलं पिब्रॉख यांत फरक ऐकू येतो. ‘द डेस्परेट बॅटल’ ऐकायची तर मिनिटभराचा तुकडा ऐकून सोडू नका. क्रुन्लुअनंतर ऊर्लार परत येईपर्यंत पूर्ण ऐका.