बाळंतपण दवाखान्यात झाले, पुढचे बेचाळीस दिवस गावाचे!

गाय व्यायला आली की आपण काय करतो, जरा आठवून बघा. रात्री दोनदा उठून गोठ्यात डोकावतो. वासरू पडले की त्याला पुसून कोरडे करतो, चीक पाजल्याशिवाय जागचे हलत नाही. वार पडली का ते बघतो, नाही पडली तर डॉक्टरकडे माणूस धाडतो. पुढचे काही दिवस गाईचा खुराक वेगळा असतो. ही तुलना कुणाला खटकेल, पण शेतकरी बांधवांनो, खरे सांगा, घरातली सून किंवा लेक बाळंत होते तेव्हा यातले किती आपण जातीने बघतो? 'तो बायकांचा विषय' म्हणून आपण ओसरीवर बसून राहतो. आणि नेमके याच दिवसांत, घरातल्या घरात, काही माऊल्या आणि काही बाळे हातची जातात.

सुईण होती तेव्हा

जुन्या काळी प्रत्येक गावात एकदोन सुइणी असायच्या. विदर्भात त्यांना दाई म्हणत. अनेकदा ती गावकुसाबाहेरची, गरीब घरातली बाई असे. कळा सुरू झाल्या की तिला बोलावणे जाई. ती नुसती बाळंतपण करून निघून जात नसे. बाळबाळंतिणीला चोळून न्हाऊ घालणे, शेक देणे, पाचवीच्या पूजेला हजर राहणे, पोर अंगावर ओढत नसेल तर छातीला कसे धरायचे ते दाखवणे, हे सगळे तिच्याकडे असे. पहिलटकरणीला धीर देणारे हक्काचे माणूस होते ते.

पण त्या काळाचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. विळ्याने नाळ कापली, वर राख लावली आणि धनुर्वाताने पोर गेले, अशा गोष्टी घरोघर होत्या. मूल आडवे असले किंवा रक्त थांबेना झाले तर सुइणीच्या हातात काही नसे. म्हणूनच सरकारने दायांना प्रशिक्षण दिले. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, दोरा स्वच्छ आणि नाळेवर काहीही लावायचे नाही, अशी पंचस्वच्छता शिकवली.

आज चित्र पालटले आहे. २०१९ ते २१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. ही मोठी मजल आहे आणि ती मागे जाता कामा नये. कळा सुरू झाल्या की दवाखाना, याला दुसरा पर्याय नाही. पण त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडाही वाचा. राज्यात वर्षाच्या आत दगावणाऱ्या दर दहा बाळांपैकी सात पहिल्या महिन्यातच दगावतात. दवाखाना दोनतीन दिवसांत घरी सोडतो. उरलेले दिवस बाळ कुठे असते? आपल्याच घरात. सुईण गेली, दवाखाना मागे राहिला, मग मधल्या दिवसांत लक्ष कोण ठेवणार?

गडचिरोलीने दिलेले उत्तर

याचे उत्तर आपल्याच राज्यात, गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांनी दिले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८० च्या दशकात तिथे काम सुरू केले. त्यांनी आधी निरक्षर दायांनाच बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. मोजता येत नाही, मग करायचे कसे? मण्यांचे एक साधे साधन तयार केले आणि सोबत वाळूचे घड्याळ दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर समजायचे, श्वास जास्त आहे. अंगठा लावणारी बाईही आता आजाराचे निदान करू शकत होती.

पुढे १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग झाला. पाचवी ते दहावी शिकलेली गावातलीच एक बाई निवडली आणि तिला शिकवून तयार केले. बाळंतपण दाईच करी, ही आरोग्यदूत मात्र बाळाकडे बघे. श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, वजन करणे, ऊब देणे, जंतुदोष ओळखून औषध देणे ही कामे ती करी. तिसऱ्या वर्षी त्या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५ होते, तर तुलनेच्या ४७ गावांत ते ५९.६ होते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. डॉक्टर तेवढेच, रस्ते तेच, गरिबीही तीच. फरक एवढाच, की बाळाच्या घरी कुणीतरी जाणकार पाऊल टाकत होते. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या बायकांना हाताशी धरून हेच दाखवून दिले होते.

आशाताईच्या सहा फेऱ्या

गडचिरोलीचा धडा देशाने उचलला. २०११ पासून आशाताईवर ही जबाबदारी आली. दवाखान्यातले बाळंतपण असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिने घरी यायचे. घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीही. तेव्हा या साऱ्या फेऱ्यांसाठी तिला २५० रुपये ठरले, म्हणजे फेरीला चाळीस-बेचाळीस रुपये. तेवढ्यावर ती ऊनपावसात येते, तर तिला दारातूनच 'सगळं बरं हाय' म्हणून परत पाठवू नका. तिला आत घ्या, बाळाचे कपडे काढून वजन करू द्या, श्वास मोजू द्या.

पण या साखळीत दोन मोठी भोके आहेत. पहिले माहेरचे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. नोंद सासरच्या आशाताईकडे, बाळंतीण माहेरच्या गावात. इकडची म्हणते ती इथे नाही, तिकडची म्हणते माझ्या यादीत नाही. दुसरे भोक ऊसतोडीचे. मराठवाड्यातून कोयता घेऊन गेलेली गरोदर बाई फडावर असते आणि गावातल्या वहीत नुसते 'स्थलांतरित' एवढेच लिहिले जाते. दोन्हींवर उपाय एकच. माता व बालसंरक्षण कार्ड सोबत न्या आणि पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत तिथल्या आशाताईला दाखवा. मुकादमाने आणि माहेरच्या माणसांनी ही आपली जबाबदारी समजावी.

घरात हे पाळा

पहिल्या तासात बाळाला छातीशी धरा. ते पिवळे, घट्ट दूध म्हणजे चीकच. वासराला पाजतो ते आपल्या लेकराला 'खराब' म्हणून पिळून टाकू नका. सहा महिने फक्त आईचे दूध. मध, गुटी, पाणी काही नको. पहिले चोवीस तास अंघोळ नको. बाळ कमी वजनाचे असेल तर आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवा, त्यासारखी ऊब नाही. कोंदट खोलीत शेगडी पेटवून दार लावून घेऊ नका. तो धूर दोघांच्या जिवावर येतो. बाळंतिणीला डाळ, भाजी, भाकरी पोटभर द्या. डिंकाचे लाडू जरूर द्या, पण लोहाच्या गोळ्या बंद करू नका.

आणि या खुणा पाठ करा. बाळ ओढत नाही, अंग गार किंवा तापलेले, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणे, झटके, नाळेला पू, तळवे पिवळे. बाळंतिणीला फार रक्त जाणे, ताप, घाण वास, झटके, असह्य डोकेदुखी. यातले एक दिसले तरी देवऋषी नाही, उद्या सकाळ नाही. लगेच १०२ किंवा १०८ ला फोन लावा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषध, जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत आहे. आणखी एक: बाळंतीण सारखी रडत असेल, बाळाकडे बघवत नसेल, तर 'नखरे' म्हणू नका. तोही आजारच आहे आणि त्याला उपचार आहे.

ग्रामपंचायतीने काय करावे?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनो, मासिक सभेत रस्ता, गटार, पाणी येते. एक विषय गरोदर मातांचा येऊ द्या. या महिन्यात कुणाचे दिवस भरले, कोण माहेरी आली, कोण फडावर गेली, ही यादी आशाताई, अंगणवाडीताई आणि नर्सताई मिळून वाचतील. पावसाळ्यात ओढा अडवतो त्या वस्तीवरच्या बाईला आठ दिवस आधी सुरक्षित जागी आणायचे ठरवा. आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांजवळ त्यासाठीच माहेरघरे आहेत. ग्राम आरोग्य समितीचा अबंधित निधी अशाच कामासाठी असतो. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत होते का, तेही पाहा.

गावात एखादी म्हातारी सुईण अजून असेल, तर तिला अडगळीत टाकू नका. बाळंतपण तिने करायचे नाही, पण घरोघरचा विश्वास तिच्याकडे आहे. तिला आशाताईच्या जोडीने फिरू द्या. तिने सांगितले की चीक पाजा, तर सासवा ऐकतात. आणि बापांनो, त्या बेचाळीस दिवसांत पाणी तुम्ही आणा, बाळ कोरडे तुम्ही करा, श्वास मोजायला तुम्ही शिका. पेरणी दोन दिवस मागेपुढे झाली तर शेत समजून घेते. लेकराचे तसे नसते.