टिकणाऱ्या हातांचा हिशेब

दुकानातून जुना विक्रेता गेला, की गिऱ्हाइकांची ओळखही त्याच्यासोबत जाते; हा तोटा वहीत दिसत नाही. मोठ्या कारखान्यांनाही हा तोटा चुकत नाही: अमेरिकेत फोर्डच्या मोटार कारखान्यात १९१३ साली नोकरी सोडण्याचं वार्षिक प्रमाण ३७० टक्के होतं, म्हणजे प्रत्येक जागेवर वर्षात तीन-चार माणसं नव्यानं शिकवायची. १९१४ मध्ये रोजची कमाई पाच डॉलर, जवळपास दुप्पट केल्यावर १९१५ मध्ये ते १६ टक्क्यांवर आलं. त्यात मंदीचाही वाटा होता, हे खरं. पण माणसं टिकवण्याचा विचार फोर्डपुरता नव्हता: उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखान्यासोबत कामगारांची वसाहत वसवलीच.

लहान दुकानदाराला हे कसं परवडणार? वेळेवर पगार, ठरलेली सुट्टी आणि दिवसभर उभ्या माणसाला बसायला स्टूल, एवढ्यापासून सुरुवात नक्कीच परवडते.