पोस्ट करण्यापूर्वी विचार: धाक नव्हे, समज हवी

लखनौ: महिलांना त्रास देणारे दूरध्वनी व संदेश रोखण्यासाठी उत्तर प्रदेश सरकारने १५ नोव्हेंबर २०१२ रोजी लखनौ येथे '१०९०' ही विमेन पॉवर लाइन सुरू केली. त्रास देणाऱ्यास प्रथम दूरध्वनीवरून समज द्यावी, तो न ऐकल्यास घरच्यांना कळवावे आणि त्यानंतर कायदेशीर कारवाई करावी, अशी तिची कार्यपद्धती आहे. तरुणांना समाजमाध्यमांचा जबाबदार वापर शिकवतानाही हाच क्रम मार्गदर्शक ठरतो.

त्यानंतर तीनच दिवसांनी पालघरमध्ये याच्या उलट घडले. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर मत मांडले, मैत्रिणीने ते 'लाइक' केले आणि दोघींना अटक झाली. जमावाने एकीच्या नातेवाइकाच्या रुग्णालयाची मोडतोडही केली. पुढे हे प्रकरण बंद करण्यात आले. मार्च २०१५ मध्ये बरेलीतील अकरावीच्या एका विद्यार्थ्याला रामपूर पोलिसांनी अटक केली. राज्यातील एका मंत्र्यांच्या तोंडी आक्षेपार्ह विधान घालणारी पोस्ट टाकल्याचा त्याच्यावर आरोप होता.

दोन्ही प्रकरणांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ लावण्यात आले होते. श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

मात्र याचा अर्थ काहीही लिहावे, असा नाही. संमतीविना एखाद्याच्या खासगी अवयवांचे छायाचित्र काढणे वा प्रसारित करणे हा कलम ६६ ई नुसार गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. बदनामी, धमकी व धार्मिक तेढ यांविषयीचे कायदेही लागू आहेत. शिवाय पोस्ट काढून टाकली, तरी तिचा स्क्रीनशॉट इतरांकडे उरतो.

म्हणूनच पालक व शिक्षकांनी मुलांना तीन प्रश्नांची सवय लावणे आवश्यक आहे. हे माझे मत आहे की दुसऱ्याच्या नावावरील विधान? विधान असल्यास त्याची खातरजमा केली आहे काय? यात दुसऱ्याचे छायाचित्र वा खासगी बाब असल्यास त्याची संमती आहे काय? पालघरच्या तरुणीने स्वतःचे मत मांडले होते. ते मांडण्याचा तिला अधिकार होता. मुलांना हा फरक कळला, तर ती गप्प न बसता जबाबदारीने लिहू लागतील.