वाचनाची वही

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे अनेक मुलांच्या उत्साहाला भरती येते. 'या सुट्टीत पन्नास पुस्तके वाचावयाची' असा निश्चय होतो. ग्रंथालयातून एकदम चार पुस्तके घरी येतात. पहिले दोन दिवस जेवणाचीही शुद्ध राहत नाही. मग आंबे येतात, पाहुणे येतात, खेळाचे डाव रंगतात. आणि पुस्तकातील खूण चाळिसाव्या पानावरच राहून जाते. शाळा उघडल्यावर 'सुट्टीत काय वाचलेस?' असे कोणी विचारले, तर नीट उत्तरही सुचत नाही. अशा माणसाला मराठीत 'आरंभशूर' असे नाव आहे.

येथे दोष इच्छेचा नसतो, योजनेचा असतो. पन्नास हा आकडा ऐकावयास भारदस्त खरा. परंतु आज संध्याकाळी काय करावयाचे, हे तो सांगत नाही. याउलट 'रोज दहा पाने' हा संकल्प दिसावयास अगदी लहान आहे. त्याचा हिशेब मात्र करून पाहावा. दोनशे पानांचे पुस्तक या चालीने वीस दिवसांत पुरे होते. म्हणजे वर्षभरात अशी अठरा पुस्तके वाचून होतात, आणि वर्षाचे पाच दिवस शिल्लक उरतात! थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

नियमाने किती काम होते, याचे एक उदाहरण पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगात घडले. मार्च 1922 मध्ये महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना तेथे ठेवण्यात आले. बाहेर असताना कामाच्या धबडग्यात त्यांना वाचनास पुरेशी सवड मिळत नसे. तुरुंगात त्यांनी दिवसाची काटेकोर आखणी केली. रोज सुमारे सहा तास लेखन-वाचनाला आणि चार तास सूतकताई व पिंजणाला दिले. वाचलेल्या पुस्तकांची नोंद ते आपल्या रोजनिशीत करीत. आजारपणामुळे फेब्रुवारी 1924 मध्ये त्यांची सुटका झाली. तोपर्यंत, म्हणजे दोन वर्षांच्या आतच, त्यांनी सुमारे दीडशे पुस्तके वाचली होती. पूर्वी ज्याचे काही भागच वाचले होते, ते महाभारतही त्यांनी गुजरातीतून समग्र वाचले. तुरुंगाच्या भिंतींनी त्यांना वेळ दिला हे खरे. पण त्या वेळेचे सोने केले ते त्यांच्या नियमाने.

नियमाला नोंदीची जोड मिळाली, की वाचन अधिक फलदायी होते. प्रसिद्ध शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन याने 1838 साली वाचनासाठी खास वह्या घातल्या आणि 1860 पर्यंत त्या चालविल्या. त्यांत दोन याद्या असत. एक 'वाचावयाच्या पुस्तकां'ची आणि दुसरी 'वाचलेल्या पुस्तकां'ची. एखाद्या ग्रंथाचे नाव कानावर आले, की ते पहिल्या यादीत जाई. वाचून झाले, की दुसऱ्या यादीत त्याची नोंद होई. पुस्तक स्वतःचे असल्यास उपयोगी मजकूर कोणत्या पानावर आहे, याची सूची तो त्याच्या शेवटी करून ठेवी. दुसऱ्याचे असल्यास त्याचा सारांश लिहून घेई. सुटी टिपणे विषयवार ठेवण्यासाठी त्याच्याजवळ तीस-चाळीस मोठ्या संचिका होत्या. नवे लेखन हाती घेण्यापूर्वी तो त्या विषयाची संचिका उघडी, आणि जन्मभराचे वाचन त्याच्यासमोर हजर होई.

1838 च्या शरद ऋतूत त्याने माल्थस नावाच्या लेखकाचा लोकसंख्येवरील ग्रंथ वाचला. तो त्याने केवळ करमणूक म्हणून हाती घेतला होता. परंतु सजीवांच्या जगण्याच्या झगड्याविषयी तो आधीपासून विचार करीत होता, आणि या ग्रंथाने त्याच्या विचारांना दिशा मिळाली. त्यातूनच पुढे 1859 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला त्याचा जगप्रसिद्ध सिद्धांत आकारास आला. उतारवयात आपल्या वाचनाची यादी पाहून आपण एवढे श्रम केले कसे, याचे त्याला स्वतःलाच नवल वाटले.

परंतु याच डार्विनच्या आयुष्यात एक दुःखाची गोष्टही आहे. लहानपणी त्याला शेक्सपिअरची नाटके अतिशय आवडत. तिशीपर्यंत तो काव्यात रमून जाई. पुढे शास्त्रीय कामात मन इतके गुंतले, की काव्याची गोडी हळूहळू आटत गेली आणि शेवटी तर कवितेची एक ओळही त्याला वाचवेना. आत्मचरित्रात त्याने याबद्दल मनापासून खेद व्यक्त केला आहे. पुन्हा आयुष्य जगावयास मिळाले, तर आठवड्यातून एकदा तरी काव्य वाचण्याचा आणि संगीत ऐकण्याचा नियम आपण करू, असे त्याने लिहिले. गोडी एका दिवसात जात नाही. म्हणूनच ती जाताना कळत नाही.

यासाठी वाचनाची वही नुसती भरून भागत नाही. ती उघडून पाहावीही लागते. अशी वही घालणे अवघड नाही. एका पानावर रकाने आखावेत. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, आरंभाची तारीख, समाप्तीची तारीख आणि मनात राहिलेली एखादी गोष्ट, एवढे पुरे. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचीही नोंद करावी आणि ते का सुटले, हे प्रामाणिकपणे लिहावे. आकडा फुगविण्यासाठी बारीक बारीक पुस्तके निवडणे, किंवा न वाचलेले पुस्तक वाचले म्हणून लिहिणे, यात फसगत होते ती स्वतःचीच. ही वही परीक्षकांसाठी नसते.

महिनाअखेरीस ती वही शांतपणे चाळावी. गोष्टींची पुस्तके दहा आणि विज्ञानाचे एकही नाही, असे दिसले तर पुढच्या महिन्याचा संकल्प आपोआप ठरतो. कविता कित्येक दिवसांत वाचलेली नाही, असे आढळले तर त्याच रात्री एक वाचता येते. डार्विनला जी गोष्ट फार उशिरा कळली, ती वहीतील एक रिकामी जागा वेळेवर सांगून जाते.