वाद सोडला, मग ताराबाई वाचल्या

गेल्या दिवाळीत चिखलीला घरी गेले होते. मामा फराळाला आले आणि नेहमीचा प्रश्न आला, "पीएचडी कुठवर आली बाई?" माझा विषय गर्भपाताचा कायदा आणि त्याभोवतीची मराठी भाषा. ते ऐकून मामा म्हणाले, "म्हणजे भ्रूणहत्या." झालं! पुढचा अर्धा तास मी हक्क म्हणतेय, ते पाप म्हणतायत. आईने चिवड्याचं ताट उचलून आत नेलं तेव्हा कुठे थांबलो. त्या अर्ध्या तासात दोघांनाही एक नवी गोष्ट कळली नाही. तेव्हापासून "तू कोणत्या बाजूची?" या प्रश्नावर वाद घालणं मी सोडलंय. का, ते सांगायला तुम्हाला आधी बुलढाण्याला न्यावं लागेल, आणि तेही 1881 मध्ये.

त्या वर्षी सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर खटला चालला. तिला दिवस गेले होते आणि बदनामीच्या भीतीने तिने जन्मलेलं मूल मारलं. शिक्षा झाली फाशीची. अपिलानंतर ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली. 'पुणे वैभव'सारख्या पत्रांनी मग एकूण बायकांच्याच नीतीवर तोंडसुख घेतलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ते वाचलं आणि 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हे छोटं पुस्तक छापून घेतलं. 500 प्रती, किंमत 9 आणे.

ताराबाई वृत्तपत्रांनी आखून दिलेल्या प्रश्नात अडकत नाहीत, हे मला पुस्तकात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाई वाईट की चांगली, यावर त्या थांबत नाहीत. विधवेचं लग्न कुणी बंद केलं, आणि तिला फसवणारा पुरुष कुठे गेला, हे त्या विचारतात. (जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्येच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तेही असंच, उपदेश बाजूला ठेवून बाळंतपणाला जागा देणं.) पुस्तकावर टीका झाली. जोतीरावांनी बाजू घेतली, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. हेही विस्मरणात गेलं, ते 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत.

आता समजा, विजयालक्ष्मीने आधीच गर्भ पाडून घेतला असता तर? तोही गुन्हाच. 1860 च्या दंड संहितेचं कलम 312 सांगतं की बाईचा जीव वाचवायचा नसेल तर गर्भपात करणारा दोषी, आणि करवून घेणारी बाईसुद्धा. हेच कलम आज भारतीय न्याय संहितेत 88 क्रमांकाने बसलंय. 1971 चा गर्भपाताचा कायदा हा त्यातला अपवाद आहे. म्हणजे "माझा हक्क" असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. अटी पाळल्या तर शिक्षा नाही, एवढंच आहे. मामांशी भांडताना मी हे सोयीने विसरले होते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांना 24 पर्यंत दोघांचं लागतं. सज्ञान बाईला स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही कायदा मागत नाही.

मग मामांची "भ्रूणहत्या" आली कुठून? दुसऱ्याच कायद्यातून. गर्भलिंग तपासणीवर पहिली बंदी आणली ती महाराष्ट्राने, 1988 मध्ये. देशाचा कायदा 1994 चा. तो गरजेचा होता हे सांगायला आपला जिल्हा पुरे: सहा वर्षांखालच्या दर 1000 मुलांमागे 2001 मध्ये 908 मुली होत्या, 2011 मध्ये 855. पण या कायद्याने गर्भपात बंद केलेला नाही, लिंग सांगणं बंद केलंय. पोस्टरवर दोन्ही एकच होऊन गेलं. 2012 मध्ये परळीचं प्रकरण गाजलं, औषध प्रशासनाच्या धाडी पडल्या आणि दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. इथे जरा आठवडे मोजा. गोळ्या चालतात 9 आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीत लिंग नीट कळतं ते त्यानंतर काही आठवड्यांनी. म्हणजे धाड पडली ती बहुतेक दुसऱ्याच बायकांवर.

त्या किती असतील? मुंबईची आयआयपीएस आणि इतर संस्थांनी मिळून काढलेला, 2018 मध्ये छापलेला अंदाज असा: 2015 मध्ये देशात 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले, आणि चारातले जवळपास तीन दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. त्यासाठी सहा राज्यांत पाहणी झाली. त्यात महाराष्ट्र नव्हता.

संक्रांतीला पुन्हा चिखलीला गेले. मामांचं मेडिकल आहे, हे सांगायचं राहिलंच. या वेळी पाप-पुण्य काढलं नाही. विचारलं, "मामा, तुमच्याकडे या गोळ्या मागायला कुणी येतं का?"

"येतात ना. आम्ही ठेवतच नाही. कोण हिशेब देत बसेल?"

"मग त्या कुठे जातात?"

मामा बराच वेळ काउंटर पुसत राहिले. "ते कधी विचारलं नाही ग," म्हणाले. मग आपणहूनच सांगितलं, की एक बाई अशीच परत गेली होती आणि महिन्याभराने आली. रक्तवाढीच्या गोळ्या घेतल्या, पैसे दिले आणि गेली.

हे लिहू का म्हणून विचारलं. दुकानाचं नाव तेवढं नको म्हणाले.