ओढलेल्या मोटारीची चाके का थरथरतात?

अमेरिकेत सुटीच्या दिवसांत महामार्गांवर एक गमतीदार जोडी दिसते. पुढे बसएवढे मोटरहोम, म्हणजे स्वयंपाकघर व बिछाने असलेले चाकांवरचे घर. आणि त्याच्या मागे लोखंडी दांड्याने जोडलेली एक लहान मोटार. मुक्कामाच्या गावी हिंडण्यासाठी ती बरोबर घेतलेली असते. तिची चारही चाके रस्त्यावर असतात, इंजिन बंद असते आणि आत कोणीही नसते. स्टिअरिंग कुलूप काढून मोकळे ठेवलेले असते. तरीही वळण आले की तिची पुढची चाके आपोआप वळतात.

कधी कधी मात्र विपरीत घडते. एखाद्या खड्ड्याचा धक्का बसतो आणि पुढची चाके डावी-उजवीकडे थरथरू लागतात. थरथर विरून जाण्याऐवजी वाढतच जाते. वेग पुरेसा कमी केला की ती थांबते. धक्का तर एकदाच बसला. मग या कंपनांना ऊर्जा पुरवतो कोण?

आधी चाके आपोआप का वळतात ते पाहू. चाक ज्या अक्षाभोवती डावी-उजवीकडे वळते, तो अक्ष अगदी उभा नसतो. त्याचे वरचे टोक किंचित मागे कललेले असते. हा अक्ष खाली वाढवला, तर तो जमिनीला टायर टेकण्याच्या जागेच्या थोडा पुढे भेटतो. चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर आणि अक्षाचा कल ५ अंश धरला, तर हे अंतर ३५ × टॅन ५°, म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटर येते. अक्ष पुढे आणि टायर मागे, म्हणून चाक वाकडे झाले की रस्त्याचे घर्षण त्याला पुन्हा सरळ करते.

पण टायर रबराचे आहे. चाक वळल्याबरोबर रस्त्याचे बाजूचे बल पूर्ण मिळत नाही. टायर थोडे अंतर घरंगळून पिळले जावे लागते. म्हणजे सरळ करणारे बल उशिरा येते. चाक उजवीकडून मधल्या स्थितीत परत आले, तरी डावीकडे ढकलणारे बल अजून शिल्लक असते. ते चाकाला त्याच्या गतीच्याच दिशेने ढकलते. झोपाळा पुढे जात असताना पाठीमागून हात लावावा, तसेच हे झाले. प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा मिळत जाते आणि ती येते मोटरहोमच्या ओढीतून, म्हणजे त्याच्या इंजिनातून.

येथे अनुस्पंदनाशी गल्लत करू नये. अनुस्पंदनात बाहेरचे बल ठरावीक कालांतराने येते. येथे ओढ एकसारखी आहे. तिचे कंपनांत रूपांतर चाक स्वतःच करते. एकसारख्या वाऱ्यात पिंपळाचे पान सळसळते तेही असेच. अशा कंपनांना स्वयंप्रेरित कंपने म्हणतात. १९४१ मध्ये फॉन श्लिपे व डीट्रिख या जर्मन संशोधकांनी विमानाच्या चाकांचा अभ्यास करताना टायरला ताणलेल्या दोरीसारखे मानून हा उशीर गणितात बसवला.

मग प्रत्येक मोटार का थरथरत नाही? कारण मिळणारी ऊर्जा घर्षणात खर्चही होते. याला संदमन म्हणतात. टायर व रस्ता यांच्यामुळे मिळणारे संदमन वेग वाढेल तसे घटते. म्हणून वेग कमी करणे हा पहिला उपाय. शिवाय चालकाचे हात स्टिअरिंगवर असले, तर तेही कंपने शोषून घेतात. ओढलेल्या मोटारीत ते हातच नसतात! बॉल जॉइंट किंवा बेअरिंग झिजून ढिले झाले, टायरमध्ये हवा कमी असली किंवा अक्षाचा कल बिघडला, की तोल कंपनांच्या बाजूने झुकतो.

धोका असा, की लांबलचक मोटरहोमच्या चालकाला मागची थरथर जाणवेलच असे नाही. तोवर टायर झिजते, सांधे निखळू शकतात. काहीजण स्टिअरिंगला संदमक बसवतात. त्यात तेलाने भरलेल्या नळीत दट्ट्या सरकतो व बारीक छिद्रांतून जाणारे तेल ऊर्जा शोषते. पण ढिला सांधा तसाच ठेवून संदमक बसवणे म्हणजे दुखणे झाकणे होय. आधी सांधा दुरुस्त करावा.

एक प्रयोग करून पाहा. फिरत्या चाकांची रिकामी ढकलगाडी गुळगुळीत फरशीवर हळू व मग जरा जलद ढकला. एखादे चाक फडफडू लागेल. त्याच्या उभ्या खिळ्यापाशी रबराची चकती घट्ट बसवली, तर फडफड कमी होते का ते पाहा. मग गाडी उलट ओढा. चाके गर्रकन फिरून तोंड बदलतील. ओढलेली मोटार दांड्यासकट मागे का ढकलू नये, हे आता तुम्हीच सांगू शकाल.