“जबाबदारी माझी!”

मुलांनो, गॅदरिंगच्या नाटकात ऐन वेळी पडदा अडकला, की आधी काय होतं? “कुणी केलं हे?” अशी शोधाशोध! ज्याच्यावर बोट रोखलं जातं, तो गप्प बसतो. आणि पडदा नेमका कशात अडकला होता, ते कळायचं राहूनच जातं.

आता ही खरीखुरी गोष्ट ऐका. १० ऑगस्ट १९७९. श्रीहरिकोटाला ‘एसएलव्ही-३’ उभं होतं. उपग्रह सोडण्यासाठी भारतात तयार झालेलं पहिलं रॉकेट, २२ मीटर उंच! प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम. हो, तेच, पुढे राष्ट्रपती झालेले. उड्डाणाला काही मिनिटं उरली असताना संगणकाने उलटी मोजणी थांबवली. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत गळती दिसत होती. तज्ज्ञ म्हणाले, गळलं तरी उरलेलं पुरेल. कलामांनी संगणकाचं न ऐकता उड्डाणाचा हुकूम दिला.

पहिला टप्पा झकास पार पडला. दुसऱ्यात मात्र रॉकेट भरकटलं आणि ३१७ सेकंदांत थेट बंगालच्या उपसागरात!

आता पत्रकारांना तोंड कोण देणार? हुकूम कलामांचा होता. पण पुढे झाले इस्रोचे अध्यक्ष, प्रा. सतीश धवन. अपयश त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. माझ्या माणसांवर माझा पूर्ण विश्वास आहे, वर्षभरात आम्ही यशस्वी होऊ, असं सांगितलं.

मग सुरू झाली खरी तपासणी. दोष सापडला तो एका झडपेत! कचरा अडकल्याने ती उघडीच राहिली आणि नायट्रिक आम्ल गळून गेलं. (प्रयोगशाळेत सर ज्या बाटलीला हात लावू देत नाहीत ना, तेच हं!) एवढीशी गोष्ट शोधायची तर प्रत्येकाला न घाबरता बोलता आलं पाहिजे. सगळ्यांचं बोलून झाल्यावर कलाम उठले आणि धवनांना म्हणाले, की या अपयशाची जबाबदारी माझी. म्हणजे बघा, जबाबदारी घ्यायला एक सोडून दोघं तयार! त्या प्रकल्पातून कलामांना कुणी काढलं नाही. ते आणि त्यांची माणसं पुन्हा कामाला लागली.

१८ जुलै १९८०. ‘एसएलव्ही-३’ पुन्हा झेपावलं आणि ३५ किलोचा ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत जाऊन बसला. श्रीहरिकोटात नुसता जल्लोष! पत्रकार पुन्हा जमले. तेव्हा धवनांनी कलामांना बोलावून सांगितलं, आजची पत्रकार परिषद तुम्ही घ्या.